सोयाबीनचा जनुकीय नकाशा आणि तांबेऱ्याचे शिवार

भाद्रपदात ढगाळ हवा आणि पावसाची झड टिकून राहिली की शिरोळ, हातकणंगले, कागल भागात सोयाबीनच्या खालच्या पानांमागे तांबेरा हा बुरशीचा रोग दिसू लागतो आणि त्याच सुमारास कोल्हापूर जिल्ह्यात एक वादही पुन्हा सुरू होतो. सोयाबीनमधील उत्पादनाची आणि रोगप्रतिकाराची जनुके कोणत्या गुणसूत्रावर कोठे बसली आहेत, याचा नकाशा तयार करण्यावर सार्वजनिक पैसा खर्च करावा की नाही, हा तो वाद. एका पक्षाच्या मते हे प्रयोगशाळेतले लाड आहेत; शेतकऱ्याला भाव हवा, वेळेवर औषध हवे, गुणसूत्रांचे आलेख घेऊन तो काय करणार? दुसऱ्या पक्षाला वाटते की नकाशा हाती आला म्हणजे तांबेरा संपल्यातच जमा. यात भर पडते ती तिसऱ्या समजाची, की जनुकाचे नाव निघाले म्हणजे मागच्या दाराने जीएम, म्हणजे बाहेरचे जनुक घातलेले, बियाणे येणार आणि त्यामागे एखादी कंपनी असणार. तिन्ही बाजूंनी आवेश भरपूर आहे, पण ज्या प्रश्नावर बोलायला हवे त्यावर कोणीच बोलत नाही.

माझे मत असे आहे की हा नकाशा हवाच, तो सरकारी पैशातूनच व्हायला हवा आणि त्याची माहिती सर्वांना खुली असायला हवी. मात्र असा नकाशा रोगाने भरलेल्या शेतात काळजीपूर्वक घेतलेल्या नोंदींइतकाच खरा असतो. त्यामुळे प्रयोगशाळा की शेत, हा पर्यायच मुळात चुकीचा मांडला गेला आहे. कृष्णा, पंचगंगा आणि दूधगंगेच्या खोऱ्यात तांबेरा वारंवार येतो, हे आपले दुर्दैव आहे. पण याच कारणाने या संशोधनाचा शेतातला अर्धा भाग इथेच होणे शास्त्राला धरून आहे, आणि कोल्हापूरकरांनी त्याला विरोध करण्याऐवजी त्यावर आपला हक्क सांगायला हवा.

आधी जीएमचा गोंधळ दूर करू. जनुकीय नकाशासाठी कोणत्याही झाडात बाहेरचे जनुक घालावे लागत नाही. रोगाला बळी पडणारे एक वाण आणि रोगाला तोंड देणारे दुसरे वाण यांचा नेहमीसारखा संकर करतात, त्यातून पुढच्या पिढ्यांत शेकडो ओळी, म्हणजे एकेका झाडापासून पुढे नेलेली स्वतंत्र कुळे, वाढवतात, प्रत्येक ओळ रोगाला कशी सामोरी जाते ते शेतात नोंदवतात आणि प्रत्येकीच्या डीएनएतील ठराविक खुणा प्रयोगशाळेत तपासतात. जी खूण रोगप्रतिकारक ओळींत सतत आढळते आणि रोगट ओळींत आढळत नाही, तिच्या आसपास प्रतिकाराचे जनुक असले पाहिजे, असा निष्कर्ष निघतो. अनोळखी गावात घर शोधताना शेजारच्या वडाची खूण सांगतात, तशीच ही खूण. वड म्हणजे घर नव्हे, पण तो सापडला की घर चुकत नाही. पुढे पैदासकार, म्हणजे नवी वाणे तयार करणारा शास्त्रज्ञ, रोप कोवळे असतानाच त्याच्या पानाचा तुकडा तपासून कोणते झाड ठेवायचे ते ठरवतो. शेवटी तयार होणारे वाण संकर आणि निवड या जुन्याच मार्गाने आलेले असते. २००२ पासून बीटी कापसावरून देशात जो वाद चालू आहे, त्यातील बाहेरच्या जनुकाबद्दलचा एकही आक्षेप या पद्धतीला लागू पडत नाही. तरीही ते आक्षेप इथे चिकटवले जातात, आणि त्यामुळे खऱ्या आक्षेपांना उत्तर देण्याची वेळच कोणावर येत नाही.

या मार्गाने काय साधते याचा उत्तम दाखला आपल्या शेजारी, धारवाडला आहे, आणि तो भुईमुगाचा आहे. तांबेरा आणि टिक्का या दोन्ही रोगांना तोंड देणारे ‘जीपीबीडी ४’ हे वाण धारवाडच्या कृषी विद्यापीठाने तयार केले. त्यातील प्रतिकाराचे मूळ दक्षिण अमेरिकेतील एका जंगली भुईमुगात आहे. या वाणाचा संकर तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘टीएजी २४’ या वाणाशी केला गेला आणि त्यातून निघालेल्या २६६ ओळी तपासल्या गेल्या. तेव्हा असे दिसले की तांबेऱ्याच्या बाबतीत ओळी-ओळींत जो फरक पडतो, त्यातील ८० टक्क्यांहून अधिक फरक गुणसूत्राच्या एकाच पट्ट्यामुळे पडतो. एवढा मोठा परिणाम एका जागी सापडणे दुर्मीळच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने पुढे तोच पट्टा खुणांच्या आधाराने ‘टीएजी २४’मध्ये आणि जळगावच्या ‘जेएल २४’मध्ये, म्हणजे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पेरलेल्या ‘फुले प्रगती’मध्ये उतरवून दाखवला. हरभऱ्यात तर गोष्ट थेट बियाण्यापर्यंत गेली. मर रोगाला प्रतिकार करणारा पट्टा जुन्या ‘अण्णिगेरी १’मध्ये आणून तयार केलेले ‘सुपर अण्णिगेरी १’ हे वाण २०१९ मध्ये प्रसारित झाले. नकाशे शोधनिबंधांतच पडून राहतात, असे म्हणणाऱ्यांनी हे दाखले विचारात घ्यायला हवेत.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला मान्य आहे. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने ‘फुले अग्रणी’, ‘फुले संगम’, ‘फुले किमया’ ही सोयाबीनची वाणे दिली, आणि जबलपूरचे ‘जेएस ३३५’ तांबेऱ्यापुढे हतबल होत असताना या वाणांनी आपल्या भागातले सोयाबीन टिकवले. या वाणांच्या क्रमांकाआधी येणारी ‘केडीएस’ ही अक्षरे आज कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर वाणाच्या नावापेक्षाही जास्त ओळखीची आहेत. हे यश प्रामुख्याने शेतात डोळ्यांनी पाहून केलेल्या निवडीचे आहे. मग नकाशाची गरज काय, हा प्रश्न रास्तच आहे.

त्याचे उत्तर डोळ्याच्या मर्यादेत आहे. सोयाबीनमध्ये तांबेऱ्याला प्रतिकार करणारी आरपीपी नावाची जनुके ठाऊक आहेत: आरपीपी-१ आणि आरपीपी-४ ही अठराव्या गुणसूत्रावर दोन वेगवेगळ्या जागी आहेत, आरपीपी-२ सोळाव्यावर, आरपीपी-३ सहाव्यावर आणि आरपीपी-५ तिसऱ्यावर आहे. आता एका झाडात यांपैकी एकच जनुक आहे आणि दुसऱ्यात दोन आहेत, असे समजा. शेतात असलेली बुरशी त्या एका जनुकाने रोखली जात असेल तर दोन्ही झाडे सारखीच निरोगी दिसतील, आणि कितीही अनुभवी पैदासकार असला तरी त्याला त्यांतला भेद नजरेने सांगता येणार नाही. दोन-तीन जनुके एकाच वाणात एकत्र आणायची असतील, तर ती आली आहेत की नाहीत हे सहज आणि खात्रीने डीएनएतील खुणाच सांगू शकतात. जपानी संशोधकांनी आरपीपी-२, आरपीपी-४ आणि आरपीपी-५ ही तीन जनुके एका ओळीत एकत्र आणली, तेव्हा तिचा प्रतिकार एकेकट्या जनुकापेक्षा स्पष्टपणे वरचढ ठरला. त्यामुळे डिग्रजचे यश हा नकाशाविरुद्धचा पुरावा ठरत नाही. ज्या वाणांवर आज आपले खोरे उभे आहे, त्यांचा प्रतिकार एकाच जनुकातून येतो की निरनिराळ्या जनुकांतून, हा प्रश्न त्या यशामुळेच अधिक तातडीचा झाला आहे. सगळ्यांचा आधार एकच असेल तर बाजारात वाणांची नावे कितीही असोत, बुरशीच्या दृष्टीने आपण एकच वाण पेरलेले असते.

हे भय कल्पनेतले नाही. १९०५ मध्ये केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्याचा प्रतिकार मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरतो असे दाखवले, तेव्हा रोगप्रतिकार संकराने मिळवता येतो ही गोष्ट प्रथमच शास्त्राच्या पायावर उभी राहिली. पण बुरशीही बदलते हे कळायला पुढची अनेक वर्षे जावी लागली. हरितक्रांतीत घराघरात पोहोचलेला ‘कल्याणसोना’ गहू काही वर्षांतच तांबेऱ्याला बळी पडू लागला. १९७० मध्ये अमेरिकेत बहुतेक संकरित मक्याचे मातृकुल एकाच प्रकारचे होते. पानांवरच्या करप्याच्या बुरशीचा नवा प्रकार आला आणि त्या देशाच्या मक्याचे सुमारे १५ टक्के पीक एका हंगामात गेले. ब्राझीलमध्ये २००१ मध्ये सोयाबीनचा तांबेरा पोहोचला, आणि ज्या आरपीपी-१ आणि आरपीपी-३ वर तिथल्या संशोधकांची भिस्त होती ती जनुके काही वर्षांतच निष्प्रभ ठरली. ‘प्रतिकार मोडतोच, मग तो शोधायचा कशाला?’ असे विचारणारे याच घटनांकडे बोट दाखवतात. मी या घटनांतून नेमका उलटा धडा घेतो. प्रतिकार मोडला तो तो एकटा सोडला गेला म्हणून, आणि एकटा सोडला गेला तो काय सोडतो आहोत याचा हिशोब नव्हता म्हणून. तो हिशोब ठेवण्याचे साधन आज आपल्याजवळ आहे.

उत्पादनाच्या बाबतीत मात्र नकाशाच्या समर्थकांनी आवर घालायला हवा. सोयाबीनच्या जनुकसंचाचे वाचन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, २० गुणसूत्रे आणि ४६ हजारांहून अधिक जनुकांची जंत्री मिळाली, आणि तेव्हापासून ‘उत्पादनाचे जनुक सापडले’ अशा बातम्या अधूनमधून येत असतात. असे एक जनुक नाही. एकरी उतारा हा शेंगांची संख्या, दाण्याचे वजन, मुळांवरच्या गाठी, फुलोऱ्याचा काळ, पाण्याचा ताण आणि जमीन या सगळ्यांचा एकत्रित परिणाम असतो, आणि त्यामागे पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. इंदूरच्या काळ्या जमिनीत आणि गडहिंग्लजच्या तांबड्या माळावर तेच जनुक सारखाच फरक पाडील, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. शिवाय शंभरेक ओळींच्या लहान चाचणीत सापडलेल्या जनुकाचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा दिसतो, हे बीव्हिस या संशोधकाने १९९० च्या दशकातच दाखवून दिले होते. छोट्या चाचणीवरून मोठी घोषणा करणारा संशोधक शेतकऱ्यालाही फसवतो आणि आपल्या विद्येलाही.

तरीही उत्पादनासाठी नकाशाचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. उपयोग आहे, पण वळणाने. सोयाबीन हे दिवसाच्या लांबीकडे पाहून फुलणारे पीक आहे, आणि फुलोरा केव्हा येणार हे ठरवणाऱ्या ई मालिकेतील जनुकांच्या जागा आता चांगल्या ठाऊक आहेत. विषुववृत्ताजवळच्या ब्राझीलमध्ये सोयाबीन रुजले ते फुलोरा लांबवणारा गुण त्यात आणता आला म्हणून. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपल्याकडे लवकर येणारे वाण तांबेऱ्याच्या तडाख्यातून बरेचसे निसटते, पण उतारा कमी देते. उशिरा येणारे वाण शेंगा भरपूर धरते, पण दाणा भरण्याच्या वेळी नेमके रोगाच्या तोंडी सापडते आणि पुढच्या उसाच्या लावणीलाही अडते. शेतकऱ्याला हवे आहे मध्यम मुदतीचे, प्रतिकारक आणि शेंगा न तडकणारे वाण. प्रतिकाराचे स्रोत बहुधा परदेशी किंवा जुन्या ओळींत असतात, आणि प्रतिकाराच्या जनुकाला चिकटून उशीर, बारीक दाणा, तडकणाऱ्या शेंगा असे नको असलेले गुणही येतात. तो चिकटलेला भाग कापून केवळ हवा तेवढाच तुकडा आणायचा, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा माहीत असाव्या लागतात. या वाटेने आलेली उत्पादनवाढ बातमीत शोभणार नाही, पण खळ्यात दिसेल.

आता शेताच्या बाजूकडे येतो, कारण माझ्या मते सगळा वाद इथेच चुकतो. पानावरचा डाग फिका तपकिरी आणि बीजाणूंनी भरलेला आहे, की लालसर आणि अडून राहिलेला आहे. खालच्या पानांपासून रोग किती दिवसांत शेंड्याला पोहोचला. पानगळ दाणा भरण्याआधी झाली की नंतर. या नोंदी प्रत्येक ओळीसाठी, एकाहून अधिक हंगामांत आणि एकाच प्रशिक्षित नजरेने घ्याव्या लागतात. डीएनए तपासणारी यंत्रे दरवर्षी स्वस्त होत आहेत. चिखलात उभे राहून पाने उलटी करून पाहणारा माणूस मात्र स्वस्त होत नाही आणि त्याची जागा यंत्र घेत नाही. त्याची नोंद चुकली तर नकाशावरची जागा चुकते, आणि ती चूक पुढे कोणत्याही महागड्या यंत्राने सुधारत नाही. यासाठी रोग दरवर्षी हमखास येतो असे ठिकाण लागते. शिरोळच्या पलीकडे कृष्णाकाठचे उगार खुर्द हे अखिल भारतीय सोयाबीन प्रकल्पात तांबेऱ्यासाठी वाणे तपासण्याचे ठिकाण म्हणून वापरले गेले, कसबे डिग्रज तर आपल्या उशालाच आहे, आणि कोल्हापुरात शेंडापार्कला विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे. दिल्लीतल्या किंवा हैदराबादेतल्या प्रयोगशाळेला लाखो रुपयांचे यंत्र मंजूर होते, तेव्हा त्याच प्रस्तावात या पट्ट्यातल्या शेतनोंदीसाठी माणसे, जमीन आणि निदान तीन हंगामांचा खर्च आहे का, हे आपण विचारतो का? ‘प्रयोगशाळा नको’ म्हणून आपण जे आंदोलन करतो, त्यातून शेतनोंदीलाही एक रुपया अधिक मिळत नाही.

भावाचा मुद्दा मी टाळणार नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी दराने माल द्यावा लागला. ज्याच्या घामाला दर नाही त्याला गुणसूत्रांची माहिती सांगणे निर्दयपणाचे वाटू शकते, आणि हमीभावाने खरेदी व्हावी या मागणीशी मी पूर्ण सहमत आहे. पण भाव पडलेला असतो तेव्हाच फवारणीचा खर्च सर्वाधिक बोचतो. तांबेऱ्यासाठी हेक्साकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल वेळेवर, पानांच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोचेल असे मारावे लागते; झड चालू असली तर ते जमतच नाही, आणि मजुरी व पंपाचा खर्च दरवर्षी वाढतो. बियाण्यातच असलेला प्रतिकार हा खर्च कमी करणारा उपाय आहे, आणि तो अर्ध्या एकराच्या शेतकऱ्यालाही तितकाच मिळतो. भावाची लढाई आणि वाणाची लढाई एकमेकींच्या आड येतात, हे कोणी ठरवले?

मालकीची शंका मात्र गंभीर आहे, आणि म्हणूनच मी सार्वजनिक पैशाचा आग्रह धरतो. सोयाबीन स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे चांगल्या वाणाचे बियाणे शेतकरी घरी राखू शकतो. उगवणक्षमता तपासून, बियाण्याच्या नाजूक सालीला जपून अनेक जण ते राखतातच. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतातले बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. खुणांच्या आधाराने तयार झालेले सरकारी वाण या हक्काच्या पूर्ण कक्षेत येते. उलट सरकारने हे काम सोडले तर ते थांबणार नाही, खासगी हातांत जाईल, आणि मग कोणत्या वाणात कोणते जनुक आहे ही माहिती व्यापारी गुपित होईल. आरपीपी-३ हे जनुक ज्या वाणातून ओळखले गेले ते ‘अंकुर’ भारतातले. त्याची गुणसूत्रावरची जागा मात्र अमेरिकेच्या बियाणे संग्रहातील नमुन्यावर, तिथल्या प्रयोगशाळांत निश्चित झाली. बियाणे आपल्याकडे होते, त्याचा अभ्यास करण्याची तयारी आपण ठेवली नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचे काम १९०९ मध्ये हाती घेतले आणि ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पहिल्या दहा वर्षांत त्यातून किती पाणी मिळाले, या निकषावर त्या खर्चाचा निवाडा आपण करू का? एका वाणाला संकरापासून शेतापर्यंत सहज दहा-बारा वर्षे लागतात, आणि प्रत्येक अंदाजपत्रकात ‘निकाल काय’ विचारणाऱ्या व्यवस्थेत हे काम तग धरत नाही.

एक गोष्ट मात्र नकाशाच्या कक्षेबाहेर आहे आणि तिची जबाबदारी आपली आहे. तांबेऱ्याची बुरशी हिरव्या पानावरच जगते. आग्र्याचे प्रा. के. सी. मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले की गव्हाचा तांबेरा मैदानातल्या उन्हाळ्यात मरतो आणि दरवर्षी डोंगराळ भागातून पुन्हा येतो. सोयाबीनच्या बाबतीत आपल्या खोऱ्यात उपसा सिंचनाच्या पाण्यावर बियाण्यासाठी उन्हाळी पीक घेतले जाते, म्हणजे बुरशीला हिरवे पान जवळजवळ वर्षभर मिळू शकते. ब्राझीलने २००६ पासून काही राज्यांत ठराविक काळ शेतात सोयाबीनचे एकही झाड राहू नये असा नियम केला आणि नंतर त्याची व्याप्ती वाढवली. उन्हाळी बियाण्यावर आपल्याकडे अनेक कुटुंबांचे उत्पन्न आहे, त्यामुळे तसाच नियम इथे लादावा असे मी म्हणत नाही. पण कोणत्या गावांत, कोणत्या महिन्यांत पीक नको हे तांबेऱ्याच्या नोंदी पाहून गावांनीच ठरवता येईल, आणि प्रतिकाराच्या जनुकाला जितक्या कमी बुरशीला तोंड द्यावे लागेल तितके ते जास्त टिकेल.

म्हणून जिल्ह्यातल्या शेतकरी संघटनांनी, बाजार समित्यांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या खरिपाआधी काही नेमक्या गोष्टी मागाव्यात, असे मला वाटते. सोयाबीनचे कोणतेही नवे वाण प्रसारणासाठी मांडताना त्यात तांबेऱ्याच्या प्रतिकाराच्या ज्ञात जागांवर कोणत्या खुणा आढळल्या, हे प्रस्तावात लिहिलेले असावे. आज आपल्या शेतात असलेल्या केडीएस वाणांचीही तशी तपासणी करून निष्कर्ष मराठीत जाहीर व्हावा. सोयाबीनच्या जनुकीय संशोधनाच्या प्रत्येक सरकारी प्रकल्पात कृष्णा-पंचगंगा खोऱ्यातल्या शेतनोंदीचा खर्च वेगळा दाखवलेला असावा, आणि त्या नोंदी ज्या गावात घेतल्या जातील तिथल्या ग्रामपंचायतीत हंगाम संपताच वाचून दाखवल्या जाव्यात. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. कृषी विद्यापीठाच्या आणि राज्याच्या कृषी खात्याच्या सध्याच्या अधिकारांत हे सारे बसते.